मेडशीच्या मळ्यांत दोन दिवस

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या एस. टी. च्या गाडींतून पातूर मागें टाकलें, कीं थोड्याच वेळांत रस्ता घाट चढूं लागतो. जुन्या कागदपत्रांतून वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग सांगितलेले आढळतात, त्यांची शीव येथें डोळ्यांनीं पाहतां येते. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, सपाट जमीन खालीं राहते. सागाचीं झाडें दिसूं लागतात. रस्त्याच्या कडेस मुरूम उघडा पडलेला दिसतो. आणि दिवस मार्गशीर्षाचे असले तर खिडकींतून येणारा वारा एकाएकीं निराळा लागतो. घाटमाथ्यावर आल्यानंतर मालेगांवच्या अलीकडे जें मोठेसें गांव लागतें तें मेडशी. पूर्वीं हें अकोला जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ रोजीं वाशिम जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें.

मेडशी हें माझें आजोळ. प्रवासवर्णनें लिहिणाऱ्यांचें लक्ष या गांवाकडे गेलें नाहीं, आणि त्याबद्दल त्यांना दोषहि देतां येत नाहीं. याच मालेगांव तालुक्यांत शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें प्रसिद्ध जैन मंदिर आहे. पुढें वाशिम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. अलीकडे पातुरास कोरीव लेणीं आहेत. या तिहींच्या मध्यें सांपडलेल्या मेडशीस प्रवासी चहापुरता उतरतो, आणि महामार्ग रुंद झाल्यापासून तितकाहि उतरत नाहीं. मला मात्र तेथें उतरल्यावर पायांखालच्या मातीकडे पाहण्याची लहानपणापासून संवय आहे. खोलगट भागांत हात-दोन हात काळी माती, आणि पन्नास पावलें चढावर गेलें कीं खुरप्यानें उकरतां येईल असा मुरूम, हा या घाटमाथ्याचा स्वभाव. काळ्या मातींत चुनखडीचे बारीक खडे हातास लागतात. या खड्यांचा पुढें संबंध येणार आहे, म्हणून वाचकांनीं ते लक्षांत ठेवावे.

गेल्या मार्गशीर्षांत मामींचा फोन आला. त्यांचें वय आतां ऐंशींच्या पुढें आहे, आणि फोनवर त्या चार वाक्यांपेक्षां अधिक कधींच बोलत नाहींत. "अरे, एकदां येऊन जा. बापलेक एका पंक्तीला बसतात, पण एकमेकांशीं बोलत नाहींत. वाढायला हात धजत नाहीं माझा. तुझं दोघंहि ऐकतील."

बापलेक म्हणजे माझे मामेभाऊ, ज्यांना घरांत सर्व आबा म्हणतात, आणि त्यांचा धाकटा मुलगा. आबांनीं सारी हयात शाळेंत गणित शिकविलें. मुलगा पुण्यास चांगल्या नोकरींत होता. २०२३ च्या जुलैंत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोस शंभर रुपयांच्या वर गेला, हें वाचकांच्या घरांतील हिशेबाच्या वह्यांतूनहि नोंदलेलें असेल. त्या महिन्यांत आमच्या या पुतण्यानें शेतीचा निश्चय केला. भाव पाहून पीक ठरविणें हें मृगजळ पाहून घागर उचलण्यासारखें आहे, असें आबा म्हणाले. परंतु त्यांनीं अडविलें नाहीं. पहिल्या वर्षीं खर्च आणि उत्पन्न सारखें झालें. यंदां एक एकर टोमॅटो उभा होता, त्याच्यावर दर आठ दिवसांनीं कांहीं ना कांहीं फवारलें जात होतें, आणि तरीहि मळा बिघडत चालला होता. इतक्यांत रस्त्यालगतची तीच जमीन घेण्यास एक गिऱ्हाईक आलें. संक्रांतीपर्यंत होकार द्यावा, असें त्याचें म्हणणें. आबांच्या दोन्ही भावांच्या सह्या जवळजवळ तयार होत्या. पुतण्याचें म्हणणें एवढेंच, कीं एक हंगाम आणखी द्या. मळा सांवरला तर जमीन राहणार, न सांवरला तर जाणार, अशा ठिकाणीं गोष्ट येऊन ठेपली होती.

मला शेतींतलें ज्ञान बेताचेंच. म्हणून अकोल्यास माझे एक स्नेही आहेत, ज्यांनीं जन्मभर वनस्पतींचे रोग शिकविले, त्यांना बरोबर येण्याची विनंति केली. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालें. त्यामुळें अकोल्याच्या प्रत्येक आळींत असा एखादा जाणता मनुष्य सांपडतो, आणि वऱ्हाडांतील लोक त्यांचा जितका उपयोग करून घ्यावयास पाहिजे तितका घेत नाहींत, असें माझें मत आहे.

आम्ही पोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती. ओसरीवर ज्या भिंतींतल्या कपाटांत माझ्या मामांच्या वेळीं चाटणांच्या आणि भस्मांच्या बाटल्या असत, तेथेंच आतां पुतण्याचीं खतें मांडलेलीं होतीं. पिशव्यांवर नांवांऐवजीं आंकडेच मोठ्या अक्षरांत. १९:१९:१९, १२:६१:०, ०:५२:३४, १३:०:४५, ०:०:५०. पहिला आंकडा शेंकडा नत्र किती तें सांगतो, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश. हीं सर्व पाण्यांत पूर्ण विरघळणारीं, म्हणून त्यांना विद्राव्य खतें म्हणतात. त्यांच्या खालच्या फळीवर कॅल्शियम नायट्रेट, बोरॉन, जस्ताचें सल्फेट, समुद्रशेवाळाचा अर्क आणि 'टॉनिक' या एका शब्दाखालीं येणाऱ्या सात-आठ बाटल्या होत्या, ज्यांच्यावर आंत काय आहे याचा नीट उल्लेख नव्हता. माझ्या स्नेह्यांनीं चष्मा चढवून एकेक बाटली वाचली, या शेवटच्या बाटल्या एका बाजूस काढल्या, आणि "ह्यांचं काय?" असें पुतण्यानें विचारल्यावर "ह्यांचा विचार जेवल्यानंतर" एवढेंच म्हणाले.

पानांस अन्न देण्याची कल्पना नवी नाहीं. फ्रान्समध्यें ग्रिस नांवाच्या गृहस्थानें १८४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या झाडांच्या पानांवर हिराकसाचें पाणी लावून तीं हिरवीं करून दाखविलीं होतीं. पानाच्या पाठपोटीं मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्यांतून आणि श्वासरंध्रांतून द्रावण थोडेंथोडें आंत शिरतें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मिशिगन येथें विटवर आणि ट्यूकी यांनीं किरणोत्सर्गी द्रव्यें पानांवर लावून तीं झाडांत कोठें कोठें जातात याचा माग काढला, तेव्हांपासून पानांतून खत देण्यास शास्त्रीय प्रतिष्ठा आली. टोमॅटोचें झाड तर या विद्येंत फार जुनें साक्षीदार आहे. मॉलिब्डेनम हा धातु वनस्पतींना अत्यल्प प्रमाणांत कां होईना पण लागतोच, हें कॅलिफोर्नियांत आर्नन आणि स्टाउट यांनीं १९३९ सालीं टोमॅटोच्या रोपांवरच सिद्ध केलें. तेव्हां पुतण्याचें कपाट म्हणजे निव्वळ भोळेपणा होता असें कोणीं समजूं नये.

जेवतांना टोमॅटोचें सार होतें. मामींनीं तें स्वतः घेतलें नाहीं. त्या लहान असतां, लालभडक फळ म्हणून तें सोंवळ्याच्या स्वयंपाकांत येत नसे. 'वेलवांगें' असें सौम्य नांव देऊनहि वडील मंडळींचें समाधान होत नसे. गांवांतील कुणबी मात्र भेदरें म्हणून तीं कधींचींच खात होते, आणि वऱ्हाडांत जुन्या माणसांच्या तोंडीं तोच शब्द अजून आहे. आज मामींचा आक्षेप निराळा होता. "तो रोज काहीतरी मारतो त्यावर. तुळशीपाशीं माझी दोन झाडं आहेत, त्यांचीं खाईन," असें त्या म्हणाल्या. त्या दोन झाडांस तांदळाच्या धुवणाखेरीज दुसरें खत ठाऊक नव्हतें. पुतण्यानें मान खालीं घालून भात कालविला. आबा कांहींच बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मळ्यांत गेलों. थंडी बरीच होती, पानांवर दंव होतें. मळा उतारावर आहे; वरच्या अंगास विहीर, आणि विहिरीशेजारीं मामांनीं बांधलेला दगडी हौद, जो आतां कोरडा पडून त्यांत तुराट्या ठेवल्या होत्या. बांबूंवर तारा ओढून झाडें बांधलेलीं, बुडाशीं ठिबकाच्या नळ्या, व्यवस्था कोठें कमी नव्हती. बऱ्याच वर्षांपासून घरीं काम करणारा एक गडी पाठीवर पंप घेऊन उभा होता. त्याला विचारलें तर म्हणाला, "दर आठ दिवसाले मारतो जी. खाली केलं तं वरून येते, वरून गेलं तं फळाले लागते. पान काई उलगडत नाई."

त्याच्या या एका वाक्यांत तीन रोग होते, असें आमचे स्नेही मला मागाहून म्हणाले. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके होते, आणि नीट पाहिलें तर प्रत्येक ठिपक्यांत एकांत एक अशीं वर्तुळें दिसत. हा लवकर येणारा करपा, आल्टर्नेरिया नांवाच्या बुरशीचा. शेंड्याकडचीं पानें आंत वळून, आंखूड होऊन जाड झालीं होतीं. हा चुरडा-मुरडा, विषाणूचा, आणि तो पसरविते पांढरी माशी. आणि हिरव्या फळांच्या बुडास काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग होता. "हा कोणता रोग?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "हा रोगच नाहीं. हें कॅल्शियम फळापर्यंत पोंचलें नाहीं, त्याची खूण आहे."

यावर पुतण्या एकदम बोलला. "काका, कॅल्शियम नायट्रेटचे चार फवारे झाले आहेत माझे!"

त्याला त्यांनीं बांधावर बसविलें आणि आबांनाहि बसण्यास सांगितलें. मग वहीचें पान मागून घेतलें. आबांच्या खिशांत नेहमीं एक लहान वही असते. ती त्यांनीं पुढें केली, आणि मला वाटतें गेल्या पंधरा दिवसांत बापाची वस्तु मुलाच्या कामीं आली ती प्रथमच. हिशेब असा होता. एकरास एका फवाऱ्याला २०० लिटर पाणी, लिटरला ५ ग्रॅम १९:१९:१९, म्हणजे १ किलो खत. त्यांत नत्र १९० ग्रॅम. असे दहा फवारे केले, आणि सर्व नत्र पानांनीं शोषलें असें धरलें, तरी पावणेदोन-दोन किलोंच्या वर जात नाहीं. महाराष्ट्रांत संकरित टोमॅटोस हेक्टरीं ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश द्यावें अशी शिफारस आहे. म्हणजे एकरास नत्रच सुमारें १२० किलो. आबांनीं तिथल्या तिथें भागाकार केला. "शेंकडा दोनसुद्धां नाहीं," ते म्हणाले.

"मग हीं खतें खोटीं?" पुतण्याचा स्वर चढला.

"खोटीं नव्हेत. त्यांना भाकरीच्या जागीं बसवलंस, तें चुकलं. लोणच्याच्या जागीं ठेव."

आणि ताबडतोब त्यांनीं दुसरा हिशेब मांडला. जस्ताच्या सल्फेटमध्यें शेंकडा २१ भाग जस्त असतें. लिटरला ५ ग्रॅम या मानानें २०० लिटरांत १ किलो सल्फेट आणि जस्त २१० ग्रॅम. पिकाला सबंध हंगामांत लागणारें जस्त किलोंत मोजण्याचें कारणच पडत नाहीं, तें ग्रॅमांत मोजतात. म्हणजे नत्राच्या बाबतींत जो फवारा समुद्रांत थेंब होता, तोच जस्ताच्या बाबतींत पुरून उरतो. येथें ते चुनखडीचे खडे आठवावे. चुन्याच्या जमिनींत जस्त आणि लोह असूनहि मुळांना मिळत नाहीं. कुलूप घातलेल्या कोठारासारखी स्थिति होते. अशा जमिनींत पानांवाटें तीं द्रव्यें देणें हाच शहाणपणाचा मार्ग. वरच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट, अशीं कांहीं झाडें मळ्याच्या खालच्या कोंपऱ्यांत, जेथें चुनखडी अधिक, तेथेंच सांपडलीं. जस्ताची बाटली कपाटांत होती, पण तिचें झांकण अजून उघडलें नव्हतें. दुकानदारानें आधीं 'टॉनिक' मारा असें सांगितलें होतें.

कॅल्शियमची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम हीं द्रव्यें पानांतून फळांकडे जाऊं शकतात. झाड जुन्या पानांतून तीं काढून नव्यांस देतें. कॅल्शियम तसें करीत नाहीं. तें मुळांनीं घेतलेल्या पाण्याबरोबर वर चढतें, आणि जिकडे पाण्याची वाफ अधिक होते तिकडे, म्हणजे पानांकडे, जातें. फळाच्या गुळगुळीत सालींतून वाफ फारशी होत नसल्यामुळें त्याच्या वांट्यास थोडेंच येतें. पानांवर फवारलेलें कॅल्शियम पानांतच राहतें. फवारा कोंवळ्या फळावरच बसला तर कांहीं उपयोग. फळ मोठें होऊन साल जाड झाल्यावर तोहि नाहीं. आमच्या जमिनींत कॅल्शियमचा तुटवडा कसला? चुनखडी म्हणजे कॅल्शियमच. तुटवडा होता तो पाण्याच्या नियमितपणाचा.

आणि तो कां होता, हें पुतण्यानेंच सांगितलें. शेतीची वीज आळीपाळीनें एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्रीं येते. रात्रपाळीच्या आठवड्यांत थंडींत उठून पंप चालू करणें कधीं होतें, कधीं होत नाहीं; मग तीनचार दिवस मळा कोरडा, आणि दिवसपाळी आली कीं मागची भर काढण्यासाठीं सहा-सहा तास ठिबक. झाड एकदां तहानेलें आणि एकदां बुडालेलें. काळ्या बुडाचीं फळें याच झोक्याचीं होतीं. चार फवाऱ्यांचें कॅल्शियम विकत घेतलें, आणि कारण विजेच्या वेळापत्रकांत होतें.

स्नेह्यांनीं हौदाकडे पाहिलें. "हा गळतो का?" त्यांनीं आबांना विचारलें. आबा म्हणाले, "वडिलांनीं बांधला तेव्हां गळत नव्हता. पंचवीस वर्षांत पाणी भरलं कोणी?"

किडींविषयीं त्यांचें बोलणें अधिक सावध होतें. नत्राचा अतिरेक झाला कीं पान कोंवळें, रसाळ राहतें, आणि रसांत किडींना मानवणारीं द्रव्यें वाढतात. मावा आणि पांढरी माशी अशा पानांवर जोमानें पोसते. पुतण्या ठिबकांतून युरिया देत होता तो कमी नव्हताच. त्यावर प्रत्येक फवाऱ्यांत नत्र. उलट नत्र फारच कमी पडलें, किंवा झाडावर फळांचा भार आला आणि खालीं खाणें कमी झालें, तर म्हातारीं पानें लवकर थकतात, आणि लवकरचा करपा नेमका थकलेल्या पानांवर बसतो. म्हणजे एकाच द्रव्याच्या कमीजास्तीनें दोन निरनिराळे शत्रु आंत येतात. उशिरा येणारा करपा, ज्यानें १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक नासवून दुष्काळ पाडला, तो तर खताचा विचारच करीत नाहीं; त्याला थंडी आणि ओलें पान मिळालें कीं पुरे. तो मेडशीच्या मळ्यांत नव्हता हें आमचें नशीब.

विषाणूवर तर कोणतेंहि खत औषध नव्हे. येथें २०२० सालची हकीगत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या उन्हाळ्यांत नगर (आतां अहिल्यानगर), पुणें, नाशिक या भागांत टोमॅटोचीं फळें पट्ट्यापट्ट्यांनीं पिकूं लागलीं. कोठें लाल, कोठें पिवळीं, कोठें हिरवींच. शेतकऱ्यांनीं त्याला 'तिरंगा' असें नांव दिलें. फळ सर्व बाजूंनीं सारखें न पिकणें हें पालाशाच्या कमतरतेचेंहि लक्षण असतें, त्यामुळें असें फळ पाहिलें कीं हात प्रथम खताच्या पिशवीकडे जातो. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेंत नमुने तपासले तेव्हां काकडीवरच्या मोझॅक रोगाचा विषाणु त्यांत मुख्यत्वें सांपडला. हा विषाणु मावा पसरवितो. अशा वेळीं पालाश फवारीत राहणाऱ्यानें पैसे घालविले, आणि रोगट झाडें मळ्यांत उभीं ठेवून शेजाऱ्याचाहि तोटा केला. "चुरडलेलीं झाडं कोणतीं?" असें स्नेह्यांनीं गड्यास विचारलें, आणि दुपारपर्यंत अशीं एकोणीस झाडें उपटून जाळलीं. पुतण्यानें तीं स्वतः उपटलीं. रोपापासून वाढविलेलें, फळें धरलेलें झाड उपटतांना त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

दुपारीं अंगणांत एक लहानसा प्रयोग झाला, तो घरांतील बायकामुलांनींहि पाहिला. दोन तांब्यांत स्वच्छ पाणी घेऊन एकांत कॅल्शियम नायट्रेट आणि दुसऱ्यांत ०:०:५०, म्हणजे पालाशाचें सल्फेट, दाट विरघळविलें. दोन्ही पाणी निवळशंख. मग एक दुसऱ्यांत ओतलें. थोड्या वेळांत तांब्यांत पांढरा गाळ धरूं लागला. "हें काय झालं?" वहिनींनीं विचारलें. "जिप्सम. भिंतीला लावतात तें," असें उत्तर मिळालें. एका पंपांत चारचार वस्तु मिसळण्याची जी चाल पडली आहे तिनें असेंच होतें. फॉस्फेटाचेंहि कॅल्शियमशीं असेंच जुळत नाहीं. विकत घेतलेलें खत नळीच्या तोंडाशीं दगड होऊन बसतें, आणि कीटकनाशक त्यांत असलें तर त्याचाहि गुण जातो. बरें, मिसळ फार दाट झाली तर पानांच्या कडा जळतात, आणि त्या जळक्या कडा पाहून मनुष्य करप्याचें औषध आणतो. मॅन्कोझेब नांवाच्या बुरशीनाशकांत मॅंगनीज आणि जस्त असतात; त्याच्या फवाऱ्यानंतर मळा हिरवा दिसला तर तो रोग हटल्यामुळें कीं जस्त मिळाल्यामुळें, हें सांगणें जाणत्यासहि कठिण जातें. पुतण्याचे निष्कर्ष चुकले असतील तर त्यांत नवल नव्हतें.

सूक्ष्म द्रव्यांसाठीं त्याच बंगळूरच्या संस्थेनें भाजीपाल्याकरितां एक मिश्रण काढलें आहे, 'अर्का व्हेजिटेबल स्पेशल' या नांवाचें. तें फवारतांना पंपांत लिंबाचा रस आणि शाम्पूची एक पुडी टाकण्यास सांगतात. हें ऐकून मुलें हंसूं लागलीं. परंतु कारण सरळ आहे. विहिरीचें पाणी जड आणि क्षारयुक्त असतें, तें लिंबानें सौम्य होतें. आणि शाम्पूमुळें थेंब मेणकट पानावरून घसरून न जातां पसरतो. वहिनींनीं आपल्या कपाटांतून पुडी आणून दिली. फवारा सूर्य कलल्यावर करावा, म्हणजे द्रावण पानावर लवकर वाळत नाहीं. आणि पानाच्या खालच्या अंगास पोंचवावा, कारण श्वासरंध्रें तेथें अधिक. फळ पोखरणाऱ्या अळीसाठीं झेंडूचा सांपळाहि त्यांनीं सांगितला: टोमॅटोच्या सोळा ओळींमागें एक ओळ झेंडूची, पण झेंडूचें रोप चाळीस दिवसांचें आणि टोमॅटोचें पंचवीस दिवसांचें असावें, म्हणजे दोहोंस फुलें एकदम येतात आणि पतंग अंडीं घालण्यास झेंडूकडे वळतो. यंदां तें होण्यासारखें नव्हतें. पानांत वेडेवांकडे पांढरे डाग पाडणारी ती दक्षिण अमेरिकेंतून आलेली अळी, जी भारतांत २०१४ सालीं महाराष्ट्रांतच प्रथम सांपडली, तिच्यासाठीं कामगंधाचे सांपळे लावण्याचें ठरलें.

मामी हें सर्व ओसरीवरून ऐकत होत्या. "माझीं झाडं बघा कीं," त्या म्हणाल्या. आम्ही तुळशीपाशीं गेलों. एक झाड उत्तम होतें. दुसऱ्याचा शेंडा मळ्यांतल्या झाडांसारखाच चुरडलेला होता. मामींनीं क्षणभर पाहिलें, मग वांकून तें स्वतःच्या हातानें उपटलें आणि पुतण्याजवळ दिलें. "घे, तुझ्या एकोणिसांत घाल." कपाटांतल्या बाटल्यांना नांवें ठेवण्याचें त्यांनीं त्यानंतर सोडलें, असें वहिनी सांगतात.

रात्रीं जेवणानंतर बापलेक बोलले. बोलणें जमिनीचें नव्हतेंच, हौदाचें होतें. रात्रपाळीस वीज आली कीं पंप आपोआप चालू होऊन हौद भरेल, आणि मळा खालच्या अंगास असल्यामुळें दिवसा त्या पाण्यावर ठिबक चालेल. पाणी रोज, थोडें, एकाच वेळीं. झाडांच्या बुडाशीं सोयाबीनचें कुटार पसरावयाचें, म्हणजे ओल टिकेल आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडणार नाहींत. करप्याची बुरशी त्या शिंतोड्यांबरोबरच वर चढते. करपलेलीं खालचीं पानें तोडून मळ्याबाहेर टाकावयाचीं. युरिया निम्मा. फवारे दोनच, जस्ताचा आणि सूक्ष्म द्रव्यांचा. बाकीच्या पिशव्या ठिबकांतून मुळांना. आबांनीं एक अट घातली: तीन सऱ्यांवर कांहींच फवारूं नये, आणि दर आठवड्यास दोन्हीकडचीं काळ्या बुडाचीं फळें मोजून वहींत लिहावीं. गणिताच्या शिक्षकाची ही अट पुतण्यानें मान्य केली, परंतु मोजण्याचें काम त्यांच्याकडेच दिलें. बाजूस काढून ठेवलेल्या त्या आठ बाटल्यांचें काय करावें, याचा विचार मात्र जेवल्यानंतरहि झाला नाहीं. त्या अजून तेथेंच असतील.

संक्रांतीच्या आधीं चार दिवस आबांचें पत्र आलें. ते अजून पत्रेंच लिहितात, आणि आंतलें अक्षर फळ्यावरच्यासारखें. हौद एका कोंपऱ्यांत गळत होता, तो गवंड्याकडून नीट करून घेतला. काळ्या बुडाचीं फळें नव्या तोड्यांत कमी झालीं. फवारलेल्या आणि न फवारलेल्या सऱ्यांत त्या बाबतींत फरक आढळला नाहीं, कारण पाणी दोन्हींकडे सारखेंच गेलें. चुनखडीच्या कोंपऱ्यांतील झाडें जस्तानंतर हिरवीं झालीं, तेथें फरक स्पष्ट आहे. चुरडा-मुरडा थांबला नाहीं. आणखी सात झाडें उपटावीं लागलीं. एकंदर उत्पन्न गतवर्षाइतकेंहि येईल असें दिसत नाहीं. गिऱ्हाइकास या संक्रांतीस होकार देऊं नये, पुढच्या संक्रांतीस पाहूं, असें त्यांनीं भावांस कळविलें आहे. एका भावाचें उत्तर आलें, दुसऱ्याचें आलें नाहीं. पत्राच्या शेवटीं मामींच्या सांगण्यावरून लिहिलें होतें, कीं पुढच्या वेळीं येतांना अकोल्याहून झेंडूचें चांगलें बीं आणावें, आणि थोडें तुळशीपाशीं लावण्यापुरतें अधिक आणावें.